वस्तू क्रमांक सहा

यावोर्येच्या शाळेत संगणक आला त्या हिवाळ्यात मी बासष्ट वर्षांची होते, माझे दात माझे स्वतःचे होते आणि माझं कधी काही चुकत नसे. पहिल्या दोन गोष्टींना अजूनही साक्षीदार आहेत. तिसरीला पुढल्या चौदा मार्चपर्यंत होते.

शाळा एकशिक्षकी. तीन मुलं पहिलीत, चार चौथीत. मधले दोन वर्ग रिकामे, कारण त्या दोन वर्षांत आमच्या गावात फक्त वासरंच जन्मली. शिक्षण खात्याने पत्र पाठवलं की दहाच्या खाली मुलं असलेल्या शाळा सप्टेंबरपासून बंद होतील आणि मुलं बसने घाटाखालच्या शहरात जातील. एकोणीस किलोमीटर. थंडीत ती बस पहाटे साडेपाचला निघते, आणि आदल्या वर्षी तिचं पुढचं चाक दरीच्या कठड्यावर अर्धा तास लटकलं होतं. पहिलीतली मुलं त्या बसच्या पायरीवर स्वतःहून चढू शकत नव्हती, इतकी ती लहान होती.

पत्राच्या शेवटी एक पळवाट होती. ज्या शाळेत 'जोडवर्ग' नीट चालेल ती राहील. जोडवर्ग म्हणजे आमच्या चौथीच्या चार मुलांनी पडद्यावरून शहरातल्या शाळेच्या चौथीत बसायचं, तिथल्या बाईंकडून गणित नि विज्ञान शिकायचं, आणि तेवढा वेळ मी पहिलीच्या तिघांना द्यायचा. मार्चमध्ये इन्स्पेक्टर येऊन एक अख्खा तास बघणार. पंचेचाळीस मिनिटं, खंड न पडता. चव्वेचाळीस चालणार नाहीत, असं लिहिलं नव्हतं, पण खात्याची भाषा मला कळते.

संगणकाचं खोकं नोव्हेंबरात आलं आणि तीन आठवडे बंद राहिलं. नियम असा की सरकारी सामान उघडायला तिघांची समिती लागते, आणि तिघंही शाळेच्या सेवेतले हवेत. शाळेच्या सेवेत आम्ही दोघी: मी आणि स्तानोयका मावशी, जी झाडलोट करते, शेगडी पेटवते आणि वर्गातल्या हवामानाची सर्वस्वी जबाबदारी घेते. तिसरं माणूस आणायचं कुठून? मी खात्याला लिहिलं. खात्याने मला नियमाची प्रत पाठवली. शेवटी जुनी दप्तरं चाळताना सापडलं की शाळेच्या आवारात एके काळी सशांचं खुराडं होतं आणि गुरांचे डॉक्टर ओब्राद हे त्या सशांचे मानद पशुवैद्य म्हणून शाळेच्या सेवेत नेमलेले होते, गोल शिक्क्यानिशी. ससे जाऊन वीस वर्षं झाली होती. पद रद्द झाल्याचा कागद मात्र कुणी काढला नव्हता. ओब्राद डॉक्टर दुसऱ्या दिवशी टाय लावून आले.

शहरातून एक माणूस आला, त्याने छपरावर अँटेना ठोकली, तारा जोडल्या, स्तानोयकाशी दोन शब्द बोलला आणि बर्फ पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून कॉफीसुद्धा न घेता गेला. राहिलं ते यंत्र: भिंतीवर पडदा, पडद्यावर डोळा, आणि खाली मेजावर तो काळा डबा, ज्यात सगळी अक्कल होती.

डबा बघून मला बरं वाटलं नाही. त्याच्या डोक्यावर जाळी होती. सगळी भोकंच भोकं. सरकारी वस्तू, आणि उघडी! खडूची धूळ थेट आत जाणार. शिवाय आमच्याकडे उघडं असं काही ठेवत नाहीत. टीव्ही, रेडिओ, टेलिफोन, फ्रीज, शिवणयंत्र, सगळ्यांवर क्रोशाचा रुमाल असतो. ज्या घरात टीव्ही बोडका, त्या घरातल्या बाईबद्दल लोक काय ते समजून जातात. मी घरून माझा सगळ्यात चांगला रुमाल आणला. सोळा पाकळ्या, मध्ये तारा, चारही बाजूंनी झालर. साखरपाण्याची खळ दिलेला, म्हणून पाटीसारखा ताठ. डब्यावर असा बसला की जणू मापानेच विणला होता.

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली, डेडस्टॉकची नोंद करायला. ओब्राद डॉक्टर समोर जे दिसेल ते लिहीत गेले आणि प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी डकवत गेले. पडदा, क्रमांक एक. कॅमेरा, दोन. डबा, तीन. कळफलक, चार. अँटेना, पाच. आवरण, हातविणीचे, पांढरे, क्रमांक सहा. चिठ्ठी रुमालाच्या कोपऱ्यावर बसली. मी हरकत घ्यायला हवी होती. पण अडतीस वर्षांच्या नोकरीत मी केलेल्या कुठल्याही गोष्टीची सरकारने दखल घेतली नव्हती, आणि इथे माझा रुमाल तीन प्रतींत, शिक्क्यासह, नोंदला जात होता. मी गप्प बसले. माणूस गप्प बसतो ते बहुतेक वेळा अशाच कारणांनी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. जोडवर्ग चांगला होता. मी यंत्राच्या विरुद्ध होते, पण ते चालायचं तेव्हा वर्गात असं काही घडायचं की मला विरुद्ध राहणं जड जाई. आमची यागोदा चार वर्षं वर्गात पहिली येत होती, चौघांत पहिली. शहरातली एकतीस मुलं समोर आल्यावर ती आठवी आली. घरी जाऊन तिने कुणी न सांगता गणितं सोडवली. तिच्या आईला वाटलं पोरगी आजारी आहे. तिकडच्या नेवेना बाई तरुण होत्या, पण हुशार. आमच्या मुलांना त्या नुसतं बसवून ठेवत नसत. वासरू किती दूध पितं, चीज करायला किती लागतं, याचे आकडे त्या आमच्याकडून घेत आणि त्यांची मुलं त्यावर गणितं करत. आणि मी? मी पहिलीच्या तिघांजवळ बाकावर बसून एकेकाचं वाचन ऐकत असे. पाठीमागे दुसरा वर्ग वाट बघत नाहीये, असं मला वीस वर्षांत प्रथमच वाटत होतं.

फक्त ते चालत नसे.

पहिला तास अकराव्या मिनिटाला मेला. नेवेना बाई फळ्याकडे वळल्या आणि तशाच राहिल्या, हात वर, तोंड उघडं. मग डब्यातून विमानासारखी घरघर झाली आणि पडदा काळा. तासाभराने पुन्हा चालू. दुसऱ्या दिवशी एकोणीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी नऊ.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. शाळेला लागून मिलुनचं वेल्डिंगचं दुकान होतं. मिलुन माझाच विद्यार्थी. तिसरीत दोन वर्षं बसला. मी त्याला बोलावून सांगितलं की तुझं वेल्डिंग आमची वीज पितं. तो म्हणाला की आज सकाळपासून त्याने यंत्राला हात लावला नव्हता, शहरातून लोखंडी पत्रे यायचे होते. मी म्हटलं, उलट बोलायचं नाही. चाळिशी उलटलेला माणूस, खाली मान घालून गेला. त्या दिवसापासून जोडवर्गाच्या वेळी त्याचं दुकान बंद. तो बनवत असलेल्या चर्चच्या फाटकाचं एकच कवाड तयार होतं. दुसरं हिवाळाभर दुकानात रखडलं, त्याच्या जागी फळ्या ठोकल्या गेल्या आणि लोक चर्चमध्ये तिरके होऊन जाऊ लागले.

तरी तास बाराव्या मिनिटाला मेला. तेव्हा मी नेवेना बाईंच्या शाळेला पत्र लिहिलं की दोष त्यांच्या बाजूचा असणार, कारण आमच्या बाजूला सर्व काही स्वच्छ आणि झाकलेलं आहे. नेवेना बाईंनी नम्र उत्तर पाठवलं. मी दुसरं पत्र लिहिलं. अशी अकरा झाली. शेवटच्या दोनांत मी त्यांच्या वयाचा उल्लेख केला.

स्तानोयकाचं मत पहिल्यापासून वेगळं होतं. आमच्याकडे माणसं लढाईत मरतात, म्हातारपणाने मरतात आणि आरपार वाऱ्याने मरतात. समोरासमोरच्या दोन फटींतून जो वारा जातो त्याला आम्ही प्रोमाया म्हणतो, आणि आमच्या गावातल्या निम्म्या कबरींखाली, विचाराल तर, त्याचेच बळी आहेत. स्तानोयकाच्या मते यंत्राला प्रोमाया लागला होता. "उत्तरेची खिडकी नि दार, बरोब्बर मधे बसलंय बिचारं," ती म्हणाली. "मी तिथे उभी राहिले तर माझी मान धरते. हे तर नाजूक, शहरातलं."

तिने खिडक्यांच्या फटींत चिंध्या ठासल्या, त्यावर पिठाची खळ लावून कागद डकवला, दाराखाली वाळूची पिशवी टाकली आणि शेगडीत दोन ओंडके जास्त घातले. मुलं बनियनवर आली. तास सातव्या मिनिटाला मेला.

"बघा," स्तानोयका म्हणाली, "किती खोल गेलाय वारा."

मग ओब्राद डॉक्टरांना बोलावलं. समितीचे सदस्य म्हणून त्यांचा तो अधिकारच होता. त्यांनी रुमालाची झालर जरा वर करून डब्याच्या कुशीला हात लावला, मग पिशवीतून तो मोठा थर्मामीटर काढला जो गाईंसाठी असतो, आणि तो कुठे लावायचा याचा थोडा विचार करून मागच्या फटीत सरकवली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. त्यांनी काच पुसली, दोनदा वाचली.

"ताप आहे," ते म्हणाले. "सणसणीत. गाय असती तर मी अंगावरची झूल काढायला सांगितलं असतं."

"तापात पांघरूण काढतात?" स्तानोयका म्हणाली. "डॉक्टर, तुमच्या हातून किती गाई वाचल्या हो?"

ओब्राद डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाची झालर सारखी केली.  डॉक्टर थर्मामीटर पिशवीत टाकून गेले. त्या संध्याकाळी स्तानोयकाने डब्याच्या दोन्ही बाजूंना लोकरीच्या जुन्या शाली टेकवल्या, घाम फुटून ताप उतरावा म्हणून.

याच सुमारास वर्गात वास येऊ लागला. करपलेल्या साखरेचा, गोडसर. मी मुलांची दप्तरं तपासली आणि दोघांची टॉफी जप्त केली. त्यांनी ती चघळलीच नव्हती, पण पुराव्यासमोर त्यांचं काही चाललं नाही. आणि भर फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, शेगडीच्या उबेने फसलेल्या मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग फळ्याखालून निघून मेजाच्या पायावर चढू लागली. यावर मी निसर्गज्ञानाचा एक पाठ घेतला.

मार्च आला. इन्स्पेक्टरांचं पत्र आलं: चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता, विज्ञानाचा तास. तोवर आमचा उच्चांक तेवीस मिनिटांचा होता, तोही ज्या दिवशी शेगडी धुमसली आणि स्तानोयकाला दार उघडं टाकावं लागलं त्या दिवसाचा. याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता. मला वाटलं, धूर यंत्राला मानवतो.

चौदा तारखेला सगळं गाव शाळेसाठी थांबलं. दहा ते अकरा कुणी इस्त्री, गिरणी, दूध काढायचं यंत्र लावायचं नाही, असं ठरलं. मिलुनने दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात आणून दिली, म्हणजे संशय नको. पहिलीतल्या तिघांच्या आया व्हरांड्यात येऊन बसल्या.  एकीच्या मांडीवर तिच्या मुलाचे रबरी बूट होते. ते ती उगीच पुसत होती, पुन्हा पुन्हा.

इन्स्पेक्टर तिहोमिर बारीक अंगाचे, गळ्याभोवती दोन मफलर. दारातच त्यांना आमच्या रिवाजाप्रमाणे चमचाभर प्लमचा मुरांबा आणि गार पाणी दिलं. मुरांबा खाताना त्यांची नजर खिडक्यांवर फिरली. एका कोपऱ्यात कागद सुटला होता. त्यांनी चमचा ठेवला, पुढे होऊन अंगठ्याने तो कागद दाबून बसवला.

"माझी मान," ते म्हणाले.

"साहेब आपल्यासारखा माणूस आहे," स्तानोयका माझ्या कानात म्हणाली.

मग ते डेडस्टॉकची यादी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले आणि खिशातून घड्याळ काढून समोर ठेवलं.

तास सुरू झाला. नेवेना बाईंचा विषय होता उष्णता: कुठून कुठे जाते, कशी अडते. माझी पाठ पडद्याकडे होती, कारण मी नियमाप्रमाणे पहिलीच्या मुलांजवळ होते. समोर पुस्तक, त्यात एक बदक तळ्यावर जात होतं. ते बदक त्या दिवशी तळ्यावर पोचलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. माझे कान त्या डब्याला चिकटले होते.

अकरा मिनिटं. गेली. एकोणीस. तीही गेली. चोविसाव्या मिनिटाला आम्ही आमचा उच्चांक मोडला आणि मला पायातून मुंग्या आल्यासारखं झालं. खरं म्हणजे तशा त्या आल्याही होत्या, दोन.

सव्विसाव्या मिनिटाला घरघर सुरू झाली.

"कुणी मुरांबा करतंय का?" इन्स्पेक्टरांनी हवा हुंगत विचारलं.

मी वळले. डब्यावरचा माझा रुमाल मधोमध तांबूस झाला होता. सोळा पाकळ्यांमधून जाळीचे चौकोन उमटत होते, जसे पोळीवर डाग उमटतात. त्यावरची खळ चकाकत होती, ओली. साखर वितळत होती. मुंग्यांनी आपला रस्ता मेजाच्या कडेशी थांबवला होता, कारण पुढे त्यांना भाजत होतं.

त्या क्षणी मला सगळं समजलं. चार महिन्यांचं एकदम. मिलुनची खाली घातलेली मान, अकरा पत्रं, टॉफी, फाटकाचं एकच कवाड. उठून दोन पावलं चालायचं होतं आणि तो रुमाल उचलायचा होता. आणि मी उठले नाही. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिते. मी मनात हिशोब केला की अजून एकोणीस मिनिटं राहिली आहेत, कदाचित निघतील, आणि मग दुपारी सगळे गेल्यावर तो गुपचूप घरी नेता येईल. सात मुलांची शाळा एका पारड्यात आणि माझा रुमाल दुसऱ्यात, आणि मी काट्याकडे बघत बसले होते.

पडद्यावर नेवेना बाई विचारत होत्या की झाकलेली गोष्ट लवकर गार का होत नाही. शहरातल्या मुलांनी पांघरूण सांगितलं, चहाची किटली सांगितली. यागोदा म्हणाली की शेणाच्या ढिगावर पेंढा टाकला तर आत अंडं उकडेल इतकं गरम होतं, आणि एकतीस मुलं हसली, आणि नेवेना बाई म्हणाल्या की हसू नका, हे आजचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

"आता यावोर्येच्या मुलांनी सांगायचं. तुमच्या वर्गात नजर टाका. जिथून उष्णता बाहेर जायला बघतेय पण कुणीतरी वाट अडवलीय, अशी एखादी गोष्ट दिसते का?"

यागोदा उभी राहिली. तिची नजर खोलीभर फिरली. शेगडी, दार, खिडक्या. मग डब्यावर येऊन थांबली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी त्या पोरीला चार वर्षं एकच गोष्ट शिकवली होती: उत्तर येत असेल तर फळ्याकडे बघ, बाईंच्या तोंडाकडे बघू नकोस, ते तिथे लिहिलेलं नसतं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर येत होतं. ते माझी चूक दाखवणारं होतं, म्हणून ती ते गिळत होती.

घरघर वाढली. नेवेना बाईंचा चेहरा हात वर असताना थांबला. हे झालं की यंत्र फार तर दीड मिनिट जगतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. व्हरांड्यातल्या आयांनासुद्धा.

"सांग," मी म्हटलं.

"बाईंचा रुमाल," यागोदा म्हणाली.

 मी उठले. गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाजले. मेजापाशी जाऊन मी रुमालाला हात घातला, तर मागून आवाज आला.

"बाई, ती यादीतली वस्तू आहे." इन्स्पेक्टर बोट कागदावर ठेवून उभे होते आणि त्यांचा चेहरा खरोखर दुःखी होता. "क्रमांक सहा. नोंदलेली वस्तू यंत्रापासून वेगळी करायला समितीचा ठराव लागतो. मी इथे हजर असताना तुम्ही तसंच केलंत तर मला ते लिहावं लागेल."

अडतीस वर्षं मी नियम पाळले होते. काही तर मी एकटीनेच पाळले होते.

"डॉक्टर, आत या," मी हाक मारली. ओब्राद डॉक्टर व्हरांड्यातच होते, टाय लावून. "स्तानोयका, इकडे. समितीची बैठक सुरू झाली. विषय एक. कुणाची हरकत?"

"कसली हरकत? काय चाललंय?" स्तानोयका म्हणाली.

"हात वर कर."

तीन हात वर झाले. ती बैठक चार सेकंदांत संपली. आमच्या जिल्ह्यात इतकी छोटी बैठक आधी झाली नसेल, नंतरही नाही. पण रुमाल निघेना. वितळलेली साखर जाळीत उतरून घट्ट बसली होती. मी ओढला तसा अख्खा डबाच सरकला आणि तारा ताणल्या.

"सोडा, सोडा. ओढायचं नसतं," ओब्राद डॉक्टर म्हणाले. त्यांनी पिशवीतून सुरी काढली, डब्यावर वाकले आणि झालरीच्या कडेने, पाकळी पाकळी सोडवत गेले, दुसऱ्या हाताने डब्याला थोपटत. "बाई ग, झालं, झालं," असं ते पुटपुटत होते, आणि ते मला उद्देशून नव्हतं.

रुमाल निघाला. आतून वाफेसारखी हवा वर आली. पण घरघर थांबेना. नेवेना बाई अजून दगडासारख्या उभ्या.

"खिडक्या," मी म्हटलं.

स्तानोयकाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला मुलांना विष द्यायला सांगत होते. "बाई, दार उघडं आहे. दोन्ही उघडल्या तर सरळ आरपार."

"दोन्ही."

तिने क्षणभर डोळे मिटले. मग पहिल्यांदा इन्स्पेक्टरांकडे गेली, आपल्या डोक्याचा रुमाल सोडला, त्यांच्या दोन मफलरांवर तिसरा गुंडाळला, मागे गाठ मारली आणि म्हणाली, "साहेब, माफ करा." मग तिने आपल्याच हाताने डकवलेला कागद फाडला. चिंध्या उपसल्या. दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या.

मार्चचा वारा डोंगरावरून आत शिरला, फळ्यावरचे कागद उडाले, यादीची दोन पानं व्हरांड्यात गेली. आम्ही सगळे त्या वाऱ्यात उभे राहिलो, ज्याला आम्ही जन्मभर भ्यालो होतो, आणि डब्याकडे बघत राहिलो. घरघर चढत होती. मग ती एका उंचीवर थांबली. मग उतरू लागली.

पडद्यावर नेवेना बाईंचा हात खाली आला.

"ऐकू येतंय?" त्या म्हणाल्या. "यागोदा, तू काहीतरी सांगत होतीस."

"हो बाई. आमच्या संगणकावर रुमाल होता. आम्ही आत्ता काढला."

"मग काय झालं?"

यागोदाने पुढे होऊन डब्यावर तळहात ठेवला. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "गार होतोय," ती म्हणाली.

तास अठ्ठेचाळीस मिनिटं चालला. जास्तीची तीन नेवेना बाईंनी आम्हाला भेट दिली. माझ्या अकरा पत्रांनंतर. इन्स्पेक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं, मान वळवायचा प्रयत्न केला आणि ती वळली नाही. पडदा काळा झाला नव्हता, म्हणून थांबलेला वेळ त्यांनी खंड धरला नाही; त्यांच्या अहवालात तीन ओळी आहेत. तास खंडाशिवाय पार पडला. विद्यार्थ्यांनी विषय प्रत्यक्ष उदाहरणाने समजून घेतला. वर्गखोलीत प्रोमाया आहे, तातडीने बंदोबस्त व्हावा.

शाळा राहिली. अकरा वर्षं राहिली, आणि मग सरकारमुळे नाही, मुलांऐवजी वासरंच जन्मत राहिल्यामुळे बंद झाली; शेवटी तीही जन्मेनाशी झाली. पहिलीतले ते तिघं त्या बसमध्ये पाचवीत जाऊन चढले, स्वतःच्या पायांनी.

त्या दुपारी स्तानोयकाने मला एक कबुली दिली. तो अँटेनावाला जाताना तिच्याशी जे दोन शब्द बोलला होता, ते असे होते: हवा खेळती ठेवा. "पण असलं अघोरी सांगणं मी तुमच्या कानावर कशाला घालू?" ती म्हणाली.

किल्ली परत द्यायला मी स्वतः मिलुनकडे गेले. सांगितलं की वेल्डिंगचा दोष नव्हता, माझा होता. त्याने किल्ली घेतली, हातात फिरवली.

"आणि तिसरीत दोन वर्षं बसवलंत, ते तरी बरोबर होतं का, बाई?"

"ते बरोबर होतं."

तो जरा विचार करून म्हणाला, "मग ठीक," आणि चर्चच्या फाटकाचं दुसरं कवाड वेल्डिंगला घेतलं.

क्रमांक सहाचं रीतसर निर्लेखन करावं लागलं. समिती बसली. कारण, उष्णतेने निरुपयोगी. नियमाप्रमाणे निर्लेखित वस्तू समितीसमोर नष्ट करायची असते, आणि तिघांनी सही केली की ती वीस मार्च रोजी शाळेच्या शेगडीत जाळण्यात आली. माझ्या नोकरीतली ही एकमेव खोटी सही. ओब्राद डॉक्टरांनी तर शपथेवर केली.

जळालेला रुमाल माझ्यासमोर आहे. मधोमध जाळीचे तांबूस चौकोन, कोपऱ्यात चिठ्ठीची खूण. कितीही धुतला तरी थोडी साखर राहिलीच आहे. दर उन्हाळ्यात मुंग्या येतात, त्याच शिस्तीत. मी त्यांना घालवत नाही. खिडकीही उघडी ठेवते. स्तानोयका रोज चार वाजता येते, खिडकी बंद करते, कॉफी पिते आणि जाते. मग मी उठून ती पुन्हा उघडते.